नऊ एलडीआरचं दृष्टिपटल: प्रदर्शनाच्या प्रकल्पाच्या नोंदी

८ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या, शाळा भरली, पण पट अर्धाच. कापूस वेचणी जोरात आहे, पोट्टे वावरात. डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. गेल्या वर्षी आम्ही ज्वालामुखी नेला होता, खायचा सोडा आणि व्हिनेगरचा. तिथं पोहोचलो तर आणखी चार ज्वालामुखी आधीच फेस काढत बसलेले.

यंदा डोळा घ्यायचं ठरलं. पण थर्माकोलचा गोळा रंगवून त्याला टाचण्यांनी नावं टोचायची नाहीत, हे मी आधीच सांगून टाकलं. पुस्तकात दृष्टिपटलापर्यंत सगळं नीट दिलं आहे: भिंग, उलटी प्रतिमा, दंडाकार पेशी, शंक्वाकार पेशी. मग एकदम ‘मेंदूला संदेश जातो’. कसला संदेश? चित्र जसंच्या तसं जातं का? आठवीतल्या एका मुलीनं हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा खटाटोप. दृष्टिपटलातली एक, फक्त एक गुच्छिका पेशी (मेंदूकडे संदेश पाठवणारी शेवटची पेशी) जसं काम करते तसं काम करणारी सर्किट बनवायची.

टोळी तिघांची. नावं लिहीत नाही. जागलवाला (बाप रात्री वावरात जागलीला जातो), चष्मेवाली (प्रश्न विचारणारी तीच) आणि टिल्लू.

९ नोव्हेंबर, रविवार

सर्किटच्या आधी खरं दृष्टिपटल डोळ्यांनी पाहायचं होतं. खाटकाकडून बोकडाचे दोन डोळे आणले, वीस रुपये. शाळेत हे करायचं नाही हे ठरलेलंच होतं. घरी करावं तर आई माळकरी, तिनं पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. शेवटी गोठ्यात पाट मांडला. तिघांच्याही घरी आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं.

पहिला डोळा वाया गेला. ब्लेडनं मधोमध कापायला गेलो. डोळ्याचं बाहेरचं पांढरं आवरण चामड्यासारखं चिवट असतं, ब्लेड घसरलं, मी जोर लावला आणि आतला पारदर्शक गर पचकन बाहेर आला. दृष्टिपटल त्या गरातच चुरगळून गेलं. काही म्हणता काही दिसलं नाही.

दुसऱ्याला घाई केली नाही. बुबुळाच्या कडेमागे आधी टोकदार कात्रीनं एक भोक, मग त्या भोकातून गोल फिरवत कापत गेलो, डब्याचं झाकण कापतात तसं. पुढचा भाग उचलला, भिंग आणि गर हळूच काढला, मागची वाटी बशीतल्या पाण्यात ठेवली. आणि ते दिसलं. दुधावरच्या पातळ सायीसारखा पांढरट पापुद्रा, पाण्यात हलत होता. जिवंत डोळ्यात तो जवळजवळ पारदर्शक असतो, मेल्यावर पांढरा पडत जातो. चिमट्यानं कडेला धरून ओढला तर सगळीकडून सुटत आला, एका ठिकाणी मात्र घट्ट. तिथूनच सगळे तंतू एकत्र होऊन मज्जातंतू म्हणून बाहेर पडतात. तीच आंधळी जागा, तिथं प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते.

पापुद्रा बाजूला झाला आणि खाली निळा-हिरवा, मोरपिसासारखा चकाकणारा थर. टिल्लू म्हणाला, “सर, रात्री गोठ्यात बॅटरी मारली का शेळीचे डोळे चमकते, ते हेच काय?” हेच. माणसाच्या डोळ्यात हा थर नाही.

वेळ: दोन तास. हातमोजे घाला, डोळा त्याच दिवशी कापा, उरलेलं खोल पुरा. आम्ही वरवर पुरलं होतं, कुत्र्यानं उकरलं. आई अजून बोलते आहे.

१२ नोव्हेंबर

पुठ्ठ्यावर थरांचा तक्ता काढायला घेतला आणि तिथंच अडलो. सगळ्यांना वाटलं की प्रकाश टिपणाऱ्या पेशी समोर, उजेडाच्या बाजूला असणार. असतात सर्वांत मागे. उजेड आधी गुच्छिका पेशींच्या थरातून, मग द्विध्रुवी पेशींच्या (मधला दुवा असणाऱ्या) थरातून जातो आणि शेवटी दंडाकार-शंक्वाकार पेशींवर पडतो. संदेश मग उलट्या वाटेनं पुढे येतो. हा सगळा खेळ जेमतेम पाव मिलिमीटर जाडीत. फक्त बरोबर मध्यभागी, जिथे नजर रोखली जाते, तिथे पुढचे थर बाजूला सरकलेले असतात.

तक्त्यावर आकडे टाकले: दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी, शंक्वाकार सुमारे ६० लाख, आणि मेंदूकडे जाणारे तंतू फक्त दहा लाखांच्या आसपास. चष्मेवालीनं लगेच हिशोब मांडला: “म्हणजे सव्वाशे पेशींमागं एक तार.” सरासरी तसं. पण सगळीकडे सारखं नाही. मध्यभागी एका शंक्वाकार पेशीला जवळजवळ स्वतःची तार मिळते, कडेला शेकडो दंडाकार पेशी एकाच तारेवर बोलतात. म्हणून मधोमध बारीक दिसतं आणि कडेला अंधुक उजेडही पकडला जातो.

इथं जागलवाल्यानं जे सांगितलं ते माझ्या कोणत्याही तक्त्यापेक्षा भारी होतं. त्याचा बाप हरभऱ्यात जागलीला असतो, रानडुकरं येतात. तो पोराला सांगतो, “अंधारात डुक्कर सिधं पाह्यलं त दिसत नाई. जरासक बाजूनं पाहा लागते.” नजरेच्या अगदी मध्यभागी दंडाकार पेशी नसतातच, त्यामुळं अंधारात सरळ पाहिलं की ती जागा आंधळीच. आणि मचाणावर चढल्यावर अर्धा घंटा बॅटरी लावायची नाही हाही त्याचा नियम. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, एकदा बॅटरी मारली की सगळी मेहनत पाण्यात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर जामच्या चौरस्त्यावरून एसटी, नागपूर, बर्डी (सीताबर्डीचा बाजार). खरेदी:

एलडीआर (उजेड वाढला की ज्याचा रेझिस्टन्स कमी होतो तो भाग) २० नग १२० रुपये. एलएम ३२४ (दोन व्होल्टेजांतला फरक वाढवून दाखवणारी आयसी) चार नग ६०. ब्रेडबोर्ड (तारा नुसत्या खोचून सर्किट जोडायची पाटी) ९०. रेझिस्टन्स सगळे मिळून ६०. दहा के (किलोओम) चे प्रीसेट, म्हणजे पेचकसनं फिरवून बदलता येणारे रेझिस्टन्स, दहा नग ६०. लाल-हिरवे एलईडी २०. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ६०, त्यांच्या क्लिपा २०. एकूण ४९०. जाण्यायेण्याचे २४० वेगळे. तिकिटाचा खर्च जवळपास सामानाच्या निम्मा, हे खेड्यातल्या प्रत्येक मास्तराचं रडगाणं आहे. एका फेरीत सगळं आणा. मी जोडायच्या तारा विसरलो. मग पंचायतीत पडलेल्या जुन्या इंटरनेट केबलचा एक हात तुकडा मागून आणला आणि सोलून त्यातल्या तारा वापरल्या. ब्रेडबोर्डला त्या एकदम बरोबर बसतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन आयसी जाळल्या. पूर्णपणे माझी चूक.

कॉलेजात मी ७४१ या जुन्या आयसीवर शिकलो. तिच्या चौथ्या पायाला उणे आणि सातव्याला अधिक. हात त्याच सवयीनं गेला. एलएम ३२४ ला चौथा पाय अधिक आणि अकरावा उणे. उलटं दिलं की आयसी मिनिटभरात इतकी तापते की बोटाला चटका बसतो. पहिली गेली तेव्हा वाटलं माल खराब. दुसरीही तशीच लावली. मग आयसीच्या माहितीचा कागद पाहिला. खाच डावीकडे धरायची, खालच्या रांगेत डावीकडून पहिला पाय. हे मी आता ब्रेडबोर्डवरच पेननं लिहून ठेवलं आहे.

१८-१९ नोव्हेंबर

एलडीआर निवडणं. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढचं सगळं फसतं.

मांडणी अशी: तीन बाय तीनच्या चौकटीत नऊ एलडीआर. मधला एक म्हणजे ‘केंद्र’, भोवतालचे आठ म्हणजे ‘परिसर’. स्टीफन कुफ्लर या शास्त्रज्ञानं १९५३ मध्ये मांजराच्या दृष्टिपटलात हे दाखवलं. एका गुच्छिका पेशीच्या वाट्याला आलेल्या छोट्या गोल तुकड्याच्या मध्यावर उजेडाचा ठिपका टाकला की ती जोरात ठोके (विजेचे छोटे झटके) देते, तोच ठिपका भोवतालच्या कड्यात टाकला की गप्प बसते. काही पेशींचं बरोबर याच्या उलट. आणि मध्य-कडं दोन्हीवर सारखा उजेड पडला तर फारसं काहीच नाही. आम्हाला नेमकं हेच करायचं आहे.

पण त्यासाठी नऊही एलडीआरनी सारख्या उजेडात सारखं वागलं पाहिजे. वागत नाहीत. सगळे वीस एकेक करून मोजले. बिस्किटाचा खोका, वर नऊ वॅटचा एलईडी बल्ब, खाली एक फुटावर एलडीआर. सर्वांत कमी ५.२ के, सर्वांत जास्त १३.६ के. एकाच दुकानातले, एकाच पाकिटातले!

पहिल्या फेरीचे दीड तासाचे आकडे फेकून द्यावे लागले, कारण खोक्याचं तोंड दाराकडे होतं आणि टिल्लू मधूनमधून दारात उभा राहत होता. शिवाय एलडीआर अंधारातून काढून लगेच मोजला तर आकडा सरकत राहतो, मिनिटभर थांबावं लागतं. दुसऱ्या फेरीत सात ते दहा के मधले नऊ निवडले. उरलेला फरक प्रीसेटनं मारायचा: प्रत्येक एलडीआरसोबत ४.७ के चा पक्का रेझिस्टन्स आणि दहा के चा प्रीसेट.

२० नोव्हेंबर

आठ परिसरवाल्यांची सरासरी काढायला प्रत्येकाच्या मधल्या टोकाला (एलडीआर आणि त्याचा रेझिस्टन्स जिथं जुळतात तिथं) एकेक रेझिस्टन्स जोडून दुसरी टोकं एका जागी आणायची. घाईत १ के चे लावले. झालं असं की एका एलडीआरवर बोट ठेवलं की शेजारच्यांचेही आकडे हलायला लागले. सगळे एकमेकांना ओढत होते. १०० के चे लावल्यावर जो तो आपापल्या जागी.

गंमत म्हणजे ही चूक अगदीच चूक नव्हती. खऱ्या दृष्टिपटलात आडव्या पेशी असतात, त्या शेजारच्या प्रकाशपेशींना आणि आपसातही अशाच जोडलेल्या असतात. अमेरिकेत कॅलटेकमध्ये मिशा माहोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी सिलिकॉनचं दृष्टिपटल बनवलं, त्याबद्दल १९९१ मध्ये लिहिलं, त्यात त्यांनी मुद्दाम रेझिस्टन्सची जाळीच वापरली होती, आडव्या पेशींच्या जागी. पण आमच्याकडे एकच पेशी. तिला जाळी नको, सरासरी पुरे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पहिल्यांदा लाल दिवा (केंद्र परिसरापेक्षा उजळ झालं की लागणारा) लागला. केंद्रावर बॅटरीचा बारीक झोत टाकला, लाल लागला. सगळ्यांवर टाकला, विझला. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग चष्मेवालीनं केंद्रावर पेनाचं टोपण ठेवलं. काही नाही. लाल आधीच विझलेला होता, विझलेलाच राहिला. ती म्हणाली, “सर, मधे अंधार झाला हे याले समजलंच नाही.”

एलएम ३२४ ला एकाच बॅटरीवर चालवलं की तिचा आउटपुट शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. उजेड जास्त झाला तर ती सांगते, कमी झाला तर सांगायला तिच्याकडे आकडाच नाही. मी उणे व्होल्टेजसाठी दुसरी बॅटरी उलटी जोडायच्या विचारात होतो. मग लक्षात आलं की पेशीचीही हीच अडचण आहे. ठोके शून्यापेक्षा कमी कसे देणार? म्हणून डोळ्यानं दोन वेगळ्या रांगा ठेवल्या: मध्य उजळला की बोलणाऱ्या आणि मध्य काळवंडला की बोलणाऱ्या. हार्टलाइननं १९३८ मध्येच बेडकाच्या डोळ्यात एकेका तंतूवर नोंदी घेऊन हे पाहिलं होतं: काही तंतू उजेड लागताना बोलतात, काही उजेड जाताना, काही दोन्ही वेळेस. त्याला १९६७ चं नोबेल मिळालं, ग्रॅनिट आणि वाल्ड यांच्यासोबत.

आपल्या आयसीत चार खाने असतात. एक परिसराच्या सरासरीला, एक केंद्राला, एक लाल दिव्याला. चौथा रिकामा होता. त्यात तेच दोन सिग्नल उलटे जोडले, हिरवा दिवा लावला. टोपण ठेवलं की हिरवा. दुसरी बॅटरी वाचली.

२३ नोव्हेंबर, रविवार

कालच्या आनंदावर पाणी. दुपारी व्हरांड्यात नेलं तर दोन्ही दिवे वाटेल तसे वागायला लागले. मीटर लावला. एलडीआर मी वरच्या बाजूला, म्हणजे अधिककडे लावले होते. भरपूर उजेडात त्यांचा रेझिस्टन्स पार पडतो आणि मधलं टोक जवळजवळ नऊ व्होल्टला जाऊन चिकटतं. एलएम ३२४ चा इनपुट पुरवठ्याच्या दीड व्होल्ट खालपर्यंतच भरवशाचा. खाली मात्र शून्यापर्यंत चालतो.

म्हणून उलटवलं. एलडीआर खाली, रेझिस्टन्स वर. आता उजेड वाढला की व्होल्टेज उतरतं. सगळ्या नऊ जागा उपटून पुन्हा लावायला तीन तास गेले, आणि लाल-हिरव्याची अदलाबदल झाली ती वेगळीच.

पण हे केल्यावर मॉडेल खऱ्या डोळ्याच्या जास्त जवळ गेलं. प्रकाशपेशी अंधारातच जास्त कामात असते. अंधारात तिचं व्होल्टेज उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास असतं आणि ती ग्लुटामेट नावाचं रसायन सतत सोडत असते, नळ उघडा राहावा तसं. उजेड पडला की व्होल्टेज उणे ७० कडे उतरतं आणि नळ आवळला जातो. पुढच्या द्विध्रुवी पेशी दोन जातीच्या. एका जातीला ते रसायन चेतवतं, म्हणून ती अंधाराची खबर देते. दुसरीला तेच रसायन दाबून ठेवतं, नळ आवळला की ती सुटते आणि उजेडाची खबर देते. नळ एकच, पिणारे दोन. आमच्या आयसीच्या तिसऱ्या आणि चौथ्या खान्यात बरोबर हेच चाललं आहे.

टिल्लूला हे पटलं नाही. “अंधारात कायले मेहनत करते ते?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२५ नोव्हेंबर

आजची चूक सर्वांत मजेदार, म्हणून सविस्तर.

सगळं एका पुठ्ठ्यावर नीट बसवलं. शोभेसाठी दोन्ही दिवे एलडीआरच्या चौकटीला अगदी लागून लावले. केंद्रावर झोत टाकला, लाल लागला. झोत काढला. लाल लागूनच! हात हलवला, खोका हलवला, तो आपला लागलेलाच. मग टोपण ठेवलं तर हिरवा दिवा पंखा फिरल्यासारखा फडफडायला लागला.

मी अर्धा घंटा सैल जोड शोधत बसलो. एकेक तार उपटून पाहिली, आयसी बदलली. जागलवाला नुसता पाहत होता. शेवटी त्यानं लाल दिव्यावर हाताची ओंजळ धरली आणि दिवा विझला. म्हणजे आमचा दिवा आमच्याच डोळ्यात जात होता. लाल लागला की त्याचा उजेड केंद्रावर पडायचा, केंद्र म्हणायचं उजेड आहे, लाल आणखी पेटायचा. हिरव्याचं उलट: केंद्र काळवंडलं की हिरवा लागायचा, लागला की केंद्र उजळायचं, म्हणून विझायचा, विझला की पुन्हा काळोख. म्हणून फडफड.

दिवे वीतभर दूर नेले आणि मधे काळ्या कार्डशीटची भिंत उभी केली. दोन मिनिटांचं काम. ज्यांना हे बनवायचं आहे त्यांनी पहिल्या दिवशीच करावं.

२८ नोव्हेंबर

रात्री बॅटरी काढायची विसरलो, सकाळी मेलेली. दुसरी आधीच अशक्त. अडॅप्टर लावावा तर दिवसा लाइनचा भरवसा नाही. जागलवाल्यानं घरचा चार्जिंगचा फवारणी पंप आणला. त्यातली बॅटरी बारा व्होल्टची, फवारणी सध्या बंदच आहे. जुळवलेले प्रीसेट बिघडतील अशी भीती होती, पण सगळे एकाच बॅटरीवर असल्यामुळे सगळ्यांचं व्होल्टेज त्याच प्रमाणात वाढलं, जुळवणी जशीच्या तशी. फक्त दिव्यांसोबतचे ४७० ओमचे रेझिस्टन्स काढून १ के चे लावले. खर्च शून्य. नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर साठ रुपये उगीच घातले.

३० नोव्हेंबर, रविवार

आज खरी परीक्षा: सावलीची कड.

वर पांढरा बल्ब, एक काळं कार्ड डावीकडून हळूहळू नऊ एलडीआरवर सरकवायचं. मी आधीच सांगून ठेवलं होतं की अंधार येतो आहे, म्हणून हिरवा लागेल. कार्ड सरकलं आणि लाल लागला. पुन्हा केलं. पुन्हा आधी लाल, मग हिरवा, मग दोन्ही बंद. मी म्हणालो तारा उलट्या लागल्या, रविवारी उलटवलं तेव्हाच काहीतरी राहिलं असेल. पेचकस उचलला.

चष्मेवाली म्हणाली, “थांबा ना सर. मधला त अजून उजेडातच हाये. डाव्या बाजूचे तीन अंधारात गेले. शेजाऱ्यांपेक्षा मधला जास्त उजेडात झाला, म्हणून लाल.” तिनं कार्ड आणखी एक घर सरकवलं. आता मधली रांगही काळी, उजवीकडचे तीनच उजेडात. शेजाऱ्यांची सरासरी केंद्रापेक्षा उजळ, हिरवा. पूर्ण झाकलं, सगळे सारखेच काळे, दोन्ही दिवे गप्प.

मी पेचकस खाली ठेवला. सर्किट बरोबर होती, मास्तर चुकला होता.

मग तिला भिंतीवरची सावली दाखवली. बल्बसमोर पाटी धरली की भिंतीवरच्या सावलीची कड जरा पसरट पडते. तिच्याकडे नीट पाहिलं तर उजेडाच्या बाजूला एक जास्त उजळ पट्टा आणि काळोखाच्या बाजूला एक जास्त काळा पट्टा दिसतो. भिंतीवर तो नसतो. अर्न्स्ट माख यानं १८६५ मध्ये हे लिहून ठेवलं आणि कारण दृष्टिपटलातल्या शेजाऱ्यांच्या ओढाताणीत शोधलं. आमचा लाल म्हणजे तो उजळ पट्टा आणि हिरवा म्हणजे काळा. टिल्लू भिंतीजवळ जाऊन पट्ट्यावर बोट ठेवून पाहत होता, खरंच आहे का म्हणून.

एक सूचना: कार्ड हळू सरकवा. एलडीआर आळशी असतो, झपकन सरकवलं तर त्याला पत्ताच लागत नाही.

३ डिसेंबर

अंगणातल्या उन्हात पुन्हा फसलं. आता सगळ्या एलडीआरचं व्होल्टेज शून्याजवळ आणि त्यांच्यातला फरक इतका बारीक की दिवा लागत नाही. जुन्या एक्सरेच्या फिल्मचा काळा भाग कापून वर टोपीसारखा लावला, एक पुरेना तेव्हा दोन. चाललं. (पोट्ट्यांना बजावून सांगितलं, ही फिल्म एलडीआरसाठी आहे, सूर्याकडे पाहायला नाही.)

डोळा हे टोपीशिवाय करतो. बाहुली लहान-मोठी होते, पण दोन मिलिमीटरपासून आठपर्यंतच, म्हणजे उजेड फार तर सोळा पटीत कमी-जास्त होतो. नुसत्या ताऱ्यांच्या उजेडापासून भर उन्हापर्यंत फरक कोट्यवधी पटींचा आहे. बाकीचं सगळं दृष्टिपटल स्वतःच सांभाळतं.

आणखी एक नुकसान: सहकाऱ्यानं उत्साहात तालुक्याहून दोन बाय तीनचा फ्लेक्स करून आणला, १२० रुपये. थर उलटे. प्रकाशपेशी पुढे आणि मज्जातंतू मागे, अगदी तीच चूक जी आम्ही १२ तारखेला दुरुस्त केली होती. त्याला वाईट वाटू नये म्हणून शाळेच्या वर्गात लावला आहे, खाली ‘यातली चूक शोधा’ असं लिहून. प्रदर्शनाला हातानं काढलेली कार्डशीटच नेऊ.

६ डिसेंबर

तक्त्यावर काळ्या चौकोनांची जाळी काढली होती, ज्यात चौकांवर राखाडी ठिपके दिसतात. खाली ‘परिसराच्या दाबामुळे’ असं लिहिणार होतो. चष्मेवालीनं दुसरी जाळी हातानं काढली, रेघा जराशा नागमोडी आल्या आणि ठिपके दिसेनात. केंद्र-परिसर तर तेच आहे, मग ठिपके का गेले? म्हणजे एवढ्या एका कारणानं भागत नाही. तक्त्यावरून ती जाळी काढून टाकली. जे आम्हाला सिद्ध करून दाखवता येतं तेवढंच ठेवायचं.

९ डिसेंबर

प्रदर्शन. सकाळी सहाला निघालो, सामान भाजीच्या क्रेटमध्ये. टेबल मिळालं ते खिडकीशेजारी. एका बाजूनं ऊन, त्यामुळं काही न करता लाल लागलेला. प्रीसेट फिरवायची बुद्धी झाली होती, नशीब फिरवले नाहीत. जागलवाल्यानं गळ्यातला पांढरा दुपट्टा खोक्यावर ताणून बांधला, उजेड पसरला, लाल विझला.

परीक्षक आले तेव्हा दोन्ही दिवे बंद. ते म्हणाले, “चालू नाही का?” चष्मेवाली म्हणाली, “चालू हाये सर. सगळीकडं सारखाच उजेड हाये, म्हणून सांगासारखं काही नाही.” त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि हात पुढे केला. हाताची सावली खोक्यावर आली, लाल, हिरवा, बंद. हात मागे नेला, हिरवा, लाल, बंद. त्यांनी तीन वेळा केलं. मग विचारलं, “यात चित्र कुठं दिसतं?” ती म्हणाली, “एका पेशीत नाही दिसत. अशा दहा लाख लागतात.”

उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर सौर कुकरला.

१४ डिसेंबर, रविवार

एकूण खर्च: सामान ४९०, एसटी २४०, डोळे २०, फ्लेक्स १२०, कार्डशीट आणि डिंक ५५. नऊशे पंचवीस. चुका वगळल्या तर सातशेत झालं असतं.

प्रीसेट जुळवून झाल्यावर त्यांच्या तोंडावर नेलपॉलिशचा थेंब टाका. आम्ही टाकला नव्हता. परवा पाचवीतल्या कोणीतरी पेचकसनं तीन फिरवले, आज सकाळ पुन्हा जुळवण्यात गेली.

पंप परत द्यायचा आहे, हरभऱ्यावर अळी आली.

पुढचं काम चष्मेवालीनं ठरवलं आहे. तिला दिशा ओळखणारी पेशी हवी, सावली डावीकडून आली तर बोलणारी आणि उजवीकडून आली तर गप्प बसणारी. सशाच्या डोळ्यात अशा पेशी असतात, बार्लो आणि लेविक यांनी १९६५ मध्ये त्यांचं कोडं उलगडलं: शेजाऱ्याचा दाबणारा सिग्नल एका बाजूनं जरा उशिरा पोहोचतो. उशीर करायला एक कॅपॅसिटर (वीज जरा वेळ साठवून ठेवणारा भाग) पुरेल असं मला वाटतं, टिल्लूला वाटतं दोन लागतील. उरलेल्या अकरा एलडीआरपैकी जुळणारे चारच आहेत. पुढच्या शनिवारी पुन्हा बर्डी. या वेळी तारांचं नाव यादीत सगळ्यात वर आहे.